रॅकेटची गटिंग आणि गिऱ्हाईकाचे कोपर

खेळाच्या सामानाच्या दुकानात टेनिसची रॅकेट दुरुस्तीला आली की कारागीर सहसा एकच प्रश्न विचारतो, "किती पौंडावर ताणू?" गिऱ्हाईकालाही त्यातले फारसे कळत नसते. कोणाकडून तरी ऐकलेला साठचा आकडा सांगून ते मोकळे होते. रॅकेट टणक ताणली जाते, नखाने वाजवून पाहिली की टणटण आवाज येतो आणि दोघेही खूश होतात. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक कोपराला पट्टा बांधून येते, नाहीतर येतच नाही. दोष वयाला दिला जातो, थंडीला दिला जातो, वाताला दिला जातो. गटिंगकडे कोणाचे लक्ष जात नाही.

टेनिस हा क्लबातला खेळ, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरील जऊळक्यासारख्या गावातील कारागिराला त्याचे काय, असे काही वाचक म्हणतील. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर गटिंगच्या बहुतेक मशीनवर टेनिस आणि बॅडमिंटन या दोन्ही रॅकेटी बसतात, आणि बॅडमिंटन आता गावोगाव खेळले जाते. हे काम एकदा हाताला बसले की गाव सोडावे लागत नाही, रॅकेटी पिशवीत घालून गाडीने येऊ-जाऊ शकतात. दुसरे असे की ज्या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात त्याचे बहुसंख्य रोगी टेनिस खेळतच नाहीत. सुतार, रंगारी, प्लंबर, खाटीक, शिंपी अशा हातावर पोट असणाऱ्या लोकांना ते अधिक होते. तेव्हा हा धडा गिऱ्हाइकाइतकाच स्वतःच्या हातासाठीही आहे.

दुखणे नेमके काय असते ते आधी पाहू. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका जाड शिरेने जोडलेले असतात. मूठ आवळून तेच काम पुन्हा पुन्हा केले, आणि प्रत्येक वेळी हादरा बसत राहिला, की ती शीर झिजते. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हे दुखणे गाठते. ओळखण्याची साधी रीत अशी : तळहात खाली करून खुर्चीची पाठ धरा आणि खुर्ची उचला. कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ आली, पण तळहात वर करून उचलताना ती आली नाही, तर बहुतेक हेच दुखणे आहे असे समजावे आणि डॉक्टरला दाखवावे.

महाराष्ट्रातील घराघरात हे नाव पोहोचले ते टेनिसमुळे नव्हे, क्रिकेटमुळे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचे डावे कोपर याच दुखण्याने धरले. इंग्लंडमधील चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या आणि ऑक्टोबरअखेर तो परतला तो आपल्या विदर्भात, नागपूरच्या कसोटीत. त्या सामन्यात त्याच्या धावा झाल्या ८ आणि २. पुढे मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २५ ऑक्टोबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध पुन्हा नागपुरातच तो उतरला व ९३ धावा काढल्या. ज्याच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते त्याचेही वर्ष-सव्वा वर्ष या कोपराने खाल्ले. मग रोजंदारीवर करवत ओढणाऱ्याचे किंवा संध्याकाळी तासभर खेळणाऱ्या मास्तरांचे काय होत असेल, याचा अंदाज करावा.

आता रॅकेटीकडे वळू. आपल्या कारागीर बंधूंना ही गोष्ट हातोड्याच्या उदाहरणाने लवकर कळेल. लोहार घणाला लोखंडी सळईचा दांडा का लावत नाही? लोखंड स्वस्त पडेल, मोडणारही नाही. तरी तो धावड्याचा किंवा बाभळीचा दांडा शोधतो, कारण लाकूड थोडे लवते आणि दणका पिते. लोखंडी दांड्याने दिवसभर ठोकले तर संध्याकाळी भाकर मोडताना हात थरथरतो. रॅकेटीचे तसेच आहे. चेंडू साठ ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा, पण तो वेगाने येऊन आदळतो आणि निमिषात परत जातो. फ्रेम थोडी लवली, गट थोडी दबली, तर तोच दणका जरा जास्त वेळात पसरतो आणि कोपराला कमी लागतो. काहीच लवले नाही तर उरलेली लवचिकता हाताच्या शिरेला पुरवावी लागते.

जुन्या लाकडी रॅकेटी जड होत्या, तोंडाने लहान होत्या, पण लवत असत. पुढे ग्राफाइट आले. फ्रेम हलकी झाली, रुंद झाली आणि कडकही झाली. चांगल्या कंपन्यांच्या रॅकेटीचा कडकपणा 'आरए' या आकड्याने सांगतात. साधारण ५५ ते ७२ च्या दरम्यान तो असतो. ६३-६४ च्या खालची फ्रेम हाताला मऊ, ६८ च्या वरची कडक, असा ढोबळ हिशेब धरावा. हा आकडा फ्रेमवर छापलेला क्वचितच असतो, कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा जाणकाराकडे विचारावा लागतो. माल मागवण्याआधी तो विचारण्याची सवय दुकानदाराने लावून घ्यावी.

वजनाबाबत एक गैरसमज सर्वत्र आहे. हात दुखतो म्हटले की दुकानदार सर्वांत हलकी रॅकेट काढून देतो. दिसायला सल्ला बरोबर वाटतो, प्रत्यक्षात उलटा पडतो. हलकी फ्रेम चेंडूपुढे मागे रेटली जाते आणि तो धक्का हात घेतो. जड फ्रेम आपल्या वजनानेच धक्का अडवते. सचिनच्या जड बॅटीचे नाव त्याच्या दुखण्याबरोबर घेतले जाई, मग येथे जड चांगले कसे, असे कोणी विचारेल. फरक वजन कोठे आहे यात आहे. बॅटीचे वजन खाली पात्यात असते आणि ते मनगटाने उचलावे लागते. रॅकेटीचे वजन मुठीकडे अधिक असेल तर ती फिरवायला हलकी आणि धक्का घ्यायला जड असते. रॅकेट बोटावर मधोमध आडवी तोलून पाहावी. तोंडाकडे झुकली तर वजन तोंडात आहे, मुठीकडे झुकली तर मुठीत. हौशी प्रौढ खेळाडूला गटीशिवाय २८५ ते ३०५ ग्रॅमची, मुठीकडे झुकणारी किंवा समतोल फ्रेम बहुधा मानवते. २५०-२६० ग्रॅमची, तोंडाकडे जड आणि वर कडक, अशी रॅकेट कोपराला सर्वांत वाईट. दुर्दैवाने नवशिक्याच्या गळ्यात तीच मारली जाते, कारण हातात घेताच ती "हलकी वाटते".

तोंडाचे माप १०० चौरस इंचाच्या आसपास असावे. फार लहान तोंडात चेंडू मध्यभागी लागला नाही की फ्रेम हातात पिळवटते. मुठीचे माप दुकानात एल-१ पासून एल-४ पर्यंत मिळते, म्हणजे सव्वाचार इंचाला थोडे कमी ते साडेचार इंच. तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत फूटपट्टीने मोजले की माप निघते. दोन मापांमध्ये अडकल्यास लहान घ्यावे, वरून पट्टी गुंडाळून मूठ जाड करता येते, जाड मूठ तासता येत नाही. पाव इंचाच्या फरकाने स्नायूंवरील ताण विशेष बदलत नाही असेही प्रयोगात दिसले आहे. तेव्हा मापावरून फार वाद घालू नये. मूठ घामाने घसरते म्हणून गिऱ्हाईक ती जीव खाऊन आवळते, हे मात्र पाहावे. गुळगुळीत झालेली ग्रिप बदलून देणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि कोपराला त्याचा उपयोग होतो.

आता खरा विषय, गट. आपल्याकडे कोणत्याही धाग्याला गट म्हणतात, पण खरी गट म्हणजे आतड्याची तांत. कापसाच्या मुलखातील पिंजारी बंधूंना तांत काय असते ते सांगायला नको, कमानीची तीच तांत रॅकेटीत बसली एवढेच. फ्रान्समधील ल्यों शहरात बाबोला यांनी १८७५ मध्ये मेंढीच्या आतड्याची टेनिसची तांत तयार केली, आज ती गाय-बैलांच्या आतड्यापासून बनते. मऊपणात आणि ताण टिकवण्यात तिला अजून तोड नाही. पण ती महाग, बाहेरून येणारी, आणि पावसाळ्यात ओल लागली की उलगडणारी. शिवाय आतडे म्हटल्यावर काही गिऱ्हाइकांची हरकत असू शकते. ती काय वस्तू आहे हे आधी स्पष्ट सांगावे, लपवून विकू नये. उलट 'सिंथेटिक गट' या नावाच्या मालात आतड्याचा अंशही नसतो, ते नायलॉन आहे, हेही सांगावे.

हाताला सोसणारी आणि खिशाला परवडणारी निवड म्हणजे मल्टिफिलामेंट. शेकडो बारीक नायलॉन तंतू पिळून केलेली ही गट दोरासारखी मऊ असते. वापरात तिचे तंतू सुटू लागतात, पण तिचे काम चालू राहते. त्याखालोखाल साधी सिंथेटिक गट, एका जाड तंतूची. नवशिक्याला ती पुरे. राहिली पॉलिएस्टर. १९९७ मध्ये ब्राझीलचा कुएर्तेन पॉलिएस्टर लावून फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि जगभर या धाग्याचे पेव फुटले. तो कडक असतो, लवकर तुटत नाही आणि चेंडूला जोराची फिरकी देतो. पण पंधरा-वीस तास खेळले की त्यातला जीव जातो, ताण उतरतो, धागा मात्र शाबूत दिसतो. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन स्पर्धेच्या पाच आवृत्त्या झाल्या. अशा स्पर्धेत खेळणारे व्यावसायिक खेळाडू सामन्यागणिक ताज्या गटीच्या रॅकेटी घेऊन उतरतात. आपले गिऱ्हाईक त्यांचे पाहून तोच धागा लावते आणि "अजून तुटली नाही" म्हणून आठ महिने त्याच मेलेल्या गटीवर खेळते. कोपराची वाट येथे लागते. चाळिशीच्या गिऱ्हाइकाने पॉलिएस्टर मागितले तर दुकानदाराने दोन वाक्ये खर्च करावीत. फिरकीचा फारच आग्रह असल्यास उभे धागे मऊ आणि आडवे पॉलिएस्टरचे, अशी मिश्र गटिंग करून द्यावी. हाताला जाणवतात ते मुख्यतः उभे धागे.

ताण किती द्यावा? फ्रेमवर कंपनीने हद्द छापलेली असते, समजा ५० ते ६०. कोपर दुखत असेल तर मल्टिफिलामेंट या हद्दीच्या खालच्या टोकाला, म्हणजे ५० ते ५२ वर ताणावी. पॉलिएस्टर त्याहून सुमारे दहा टक्के कमी. कमी ताणाने चेंडू मंद जाईल अशी भीती गिऱ्हाइकाला असते. होते उलटे. गट सैल असली की चेंडू अधिक वेगाने सुटतो, जाते ती थोडी नेमकेपणाची पकड. म्हणून एकदम दहा पौंड उतरवू नयेत. प्रत्येक गटिंगला दोन-दोन पौंड उतरवत जावे, म्हणजे खेळ बिघडला अशी तक्रार येत नाही. थोडा बारीक धागाही (१.२५ मि.मी.) मऊ लागतो, पण लवकर तुटतो.

येथे मशीनचा प्रश्न येतो. लोलकाच्या वजनावर चालणारे मशीन सर्वांत स्वस्त, वीज लागत नाही, आणि ताण सतत धरून ठेवते. काम सावकाश होते इतकेच. हँडल फिरवून कुलूप लागणारे मशीन जलद, पण कुलूप लागल्यावर धागा ढिला पडत जातो, त्यामुळे तोच आकडा असूनही रॅकेट थोडी सैल निघते. विजेवरचे मशीन दोन्ही गुणांचे आणि महाग. कोणतेही असो, त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. भंगाराच्या दुकानात असतो तसा चांगला स्प्रिंगचा काटा धाग्याला अडकवून महिन्यातून एकदा ताण तपासावा. काटा किलोत असतो, म्हणून हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत : ४८ पौंड म्हणजे २१.८ किलो, ५२ म्हणजे २३.६, ५५ म्हणजे २४.९, आणि ६० म्हणजे २७.२ किलो. ५२ वर लावलेला काटा प्रत्यक्षात ५८ ओढत असेल तर सर्व सल्ला वाया गेला. सुयांनी अडकवून नुसत्या हाताच्या अंदाजाने ताणण्याची जुनी पद्धत बॅडमिंटनला कशीबशी चालते. टेनिसला ती वापरू नये, दर धाग्याचा ताण वेगळा पडतो.

विणकाम करताना आपल्या कामठीच्या किंवा नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या विणकरांचे ताणा-बाणा आठवावे (जऊळका ज्या तालुक्यात येते ते वाशीमचे मालेगाव निराळे). उभे धागे म्हणजे ताणा, तो आधी पूर्ण. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सारखे धागे ओढत जावे. एका बाजूला जास्तीत जास्त दोन-तीन धागे पुढे, नाहीतर फ्रेम वाकडी होते. मग बाणा : एक खालून, एक वरून, तोंडाच्या टोकाकडून मुठीकडे. बहुतेक रॅकेटीत उभे १६ आणि आडवे १९ धागे असतात, काहींत १८ आणि २०. हात दुखणाऱ्याला १६-१९ ची मोकळी जाळी बरी. जुनी गट काढताना कडेपासून कापत सुटू नये. मध्यभागी उभा-आडवा मिळून कापायला सुरुवात करावी, म्हणजे फ्रेमवरचा ताण चारी बाजूंनी सारखा उतरतो. फ्रेमच्या भोकांतील प्लास्टिकच्या नळ्या तपासाव्यात. एक फुटकी नळी नवीन गट आठवड्यात कापते आणि शिव्या कारागिराला बसतात. आडवा धागा ओढताना तो दुसऱ्यावर घासून जळतो, म्हणून बोटाने वर-खाली कमान करत न्यावा. गाठीपाशी थोडा ताण उतरतोच, तो भरून काढायला शेवटचा धागा फार ओढू नये, दोन-तीन पौंड पुरेत. धागा आधी ताणून घेतला की ताण टिकतो खरा, पण गट कडक होते. दुखऱ्या हातासाठी ते करू नये.

आपल्या भागातील उन्हाचा येथे वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत किंवा पत्र्याच्या दुकानात टांगलेल्या रॅकेटीची नायलॉन गट ढिली पडते. ती पुन्हा घट्ट होत नाही. तयार रॅकेटी भिंतीच्या सावलीकडच्या बाजूला ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकालाही तसे सांगावे.

हिशेबाचे थोडे बोलू. एका टेनिस रॅकेटला सुमारे १२ मीटर गट लागते. सुटे पाकीट घेतले तर एक रॅकेट होते, २०० मीटरचे रीळ घेतले तर सोळा. सोळा पाकिटांची किंमत आणि एका रिळाची किंमत शेजारी लिहून पाहिली की कमाई कोठे आहे ते लगेच दिसते. पण सुरुवातीलाच पाच प्रकारची रिळे भरून भांडवल अडकवू नये. टेनिसचे एक मल्टिफिलामेंट, एक साधे सिंथेटिक, आणि बाकी बॅडमिंटनचा माल. गावातील दुकानाचा भाडे-बिलाचा खर्च बॅडमिंटनच काढील. टेनिसच्या रॅकेटी थोड्या येतील, पण एकदा हात बरा झालेले गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे सहसा जात नाही.

त्यासाठी एक वही ठेवावी. रॅकेटीचे नाव, गट कोणती, ताण किती, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात हाताची तक्रार. आठवड्यातून जितक्या वेळा खेळतो तितक्या वेळा वर्षातून गट बदलावी, हा जुना दंडक गिऱ्हाइकाला सांगावा. कोपराची तक्रार घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न पौंडाचा नको. वय, कधीपासून दुखते, गट कोणती आहे आणि ती कधी घातली, हे आधी विचारावे.

काही वस्तू विकताना जिभेला लगाम हवा. धाग्यांत अडकवायचा रबरी डँपनर फक्त आवाज बदलतो, कोपराला बसणारा धक्का तो कमी करत नाही. कोपराच्या पट्ट्याने काहींना आराम पडतो, तो विकावा, पण इलाज म्हणून नव्हे. आणि गटिंगने सारे बरे होईल असेही सांगू नये. बॅकहँड उशिरा आणि नुसत्या मनगटाने मारणाऱ्याचे दुखणे कोणतीही गट थांबवणार नाही, त्याला दोन हातांचा बॅकहँड शिकवणारा प्रशिक्षक हवा.

दुखणे महिनाभर टिकले तर विश्रांती आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हा मार्ग. त्यात हलके वजन धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मुख्य असतो. बहुतेकांना वर्षभरात बरे वाटते. स्टेरॉइडचे इंजेक्शन चार-सहा आठवडे झकास आराम देते, पण वर्षाने पाहिले तर ते घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. रोजी बुडते म्हणून घाईने ते टोचून घेणाऱ्या कारागीर बंधूंनी हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. स्वतःच्या हत्यारांसाठी उपाय गिऱ्हाइकाच्या रॅकेटीसारखेच आहेत : पेचकसाच्या बारीक मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, कात्री धार लावून घ्यावी, आणि गटिंग करताना एका बैठकीत तीन-चार रॅकेटींपेक्षा अधिक ओढू नयेत.